गेमिंग पीसीसाठी प्रोसेसर आणि मदरबोर्ड घेताना या चुका टाळा

ठाण्याहून किंवा वाशी-नेरुळकडून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील संगणक बाजारात सुटे भाग घ्यायला निघणाऱ्यांचे ग्राफिक्स कार्ड बहुधा आधीच पक्के झालेले असते, प्रोसेसर अर्धवट ठरलेला असतो आणि मदरबोर्ड मात्र दुकानदार देईल तो घेण्याची तयारी असते. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या क्रमात आहे. सॉकेट (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा), चिपसेट (बोर्डाच्या सोयी ठरवणारी चिप), रॅमचा प्रकार आणि बायोसची (बोर्ड सुरू करणाऱ्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती या चार गोष्टींनी प्रोसेसर आणि मदरबोर्ड एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे ही दोन खरेद्या नसून एकच खरेदी आहे, असे धरूनच अंदाजपत्रक मांडावे.

नावातील आकड्याला भुलू नका

‘आय७ आहे’ एवढ्या सांगण्यावर जुने असेंबल केलेले पीसी आजही विकले जातात. इंटेलचा आय७-४७७० हा चौथ्या पिढीचा प्रोसेसर २०१३ सालचा आहे. त्यात ४ कोअर (गणना करणारे भाग) आणि ८ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामांचे प्रवाह) आहेत; २०२२ मध्ये आलेल्या आय३-१२१०० मध्येही तेवढेच आहेत, परंतु त्याचा प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान आहे. शिवाय चौथ्या पिढीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर व्हॅलोरंट खेळायचे असेल, तर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी सुरू असाव्या लागतात. म्हणून आय५ की आय७ हे विचारण्याआधी पिढी कोणती, हे विचारावे.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडेही तितकेच लक्ष द्यावे. इंटेलच्या ‘एफ’ प्रोसेसरमध्ये, तसेच एएमडीच्या रायझन ५ ५६०० आणि ७५००एफ यांमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसते. कार्ड नंतर घेऊ, असा विचार करून यांपैकी एखादा घेतला, तर तोवर पडद्यावर काहीच दिसणार नाही. याच्या उलट चूकही सर्रास होते. रायझन ५ ५६००जी मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे, पण त्याची एल३ कॅश (प्रोसेसरमधील वेगवान मेमरी) १६ एमबी आहे आणि तो पीसीआयई ३.० (ग्राफिक्स कार्ड जोडणाऱ्या मार्गाची जुनी आवृत्ती) पुरताच मर्यादित आहे. साध्या ५६०० मध्ये ३२ एमबी कॅश आणि पीसीआयई ४.० मिळते. स्वतंत्र कार्ड लावायचे निश्चित असेल, तर ५६००जी घेण्यात अर्थ नाही.

मॉनिटर पाहून प्रोसेसर ठरवा

१०८० पिक्सेलवर १४४ किंवा २४० हर्ट्झच्या मॉनिटरवर काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंट खेळणाऱ्याला वेगवान प्रोसेसरचा फायदा खरोखर जाणवतो. १४४० पिक्सेल किंवा ४के वर मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर जातो. रायझन ७ ७८००एक्स३डी ची ९६ एमबी एल३ कॅश गेमसाठी उत्तमच आहे, परंतु मधल्या दर्जाचे कार्ड आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर असलेल्या घरात त्या पैशांचे चीज होत नाही. तो फरक ग्राफिक्स कार्डात घालावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

मदरबोर्ड: महागही नको, सर्वांत स्वस्तही नको

मदरबोर्ड महागडा घेतल्याने फ्रेम रेट वाढत नाही. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ नाही त्यांचा मल्टिप्लायर बंद असतो, म्हणजे त्यांचा वेग हाताने वाढवता येत नाही, त्यामुळे आय५-१२४००एफ खाली झेड७९० चिपसेटचा बोर्ड घेणे म्हणजे न वापरण्याच्या सोयींचे पैसे भरणे होय. तिथे बी७६० पुरतो. दुसऱ्या टोकाला एच६१० आहे. त्यात बहुधा रॅमचे दोनच स्लॉट मिळतात, मेमरी ओव्हरक्लॉक करता (ठरावीक वेगापेक्षा जलद चालवता) येत नाही आणि प्रोसेसरला वीज पुरवणारी व्हीआरएम यंत्रणा अनेक मॉडेलांत हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाशिवाय) उघडी असते. आय३ साठी हे चालते, आय७ साठी नाही.

आपल्याकडे ही बाब अधिकच महत्त्वाची आहे. इंटरनेटवरील चाचण्या साधारणपणे थंड, नियंत्रित तापमानाच्या खोलीत होतात. ऐरोलीच्या किंवा कळव्याच्या वातानुकूलन नसलेल्या खोलीत मे महिन्यात, आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात, हवाच ३३-३४ अंशांवर असते. खोली जितके अंश तापते, साधारण तितकेच अंश कॅबिनेटमधील भागांचे तापमानही वर सरकते. चाचणीत जेमतेम तग धरणारी व्हीआरएम इथे मर्यादा ओलांडते, बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो आणि अर्ध्या तासानंतर गेम अडखळू लागतो. अशा वेळी दोष ग्राफिक्स कार्डाला दिला जातो. एचडब्ल्यूइन्फो सारख्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरचा वेग आणि व्हीआरएमचे तापमान शेजारी-शेजारी ठेवून पाहिले, तर खरे कारण लगेच कळते. मात्र स्वस्त बोर्डांवर व्हीआरएमचा सेन्सर असेलच असे नाही.

सॉकेटचे आयुष्यही विचारात घ्यावे. एलजीए १७०० या सॉकेटवर इंटेलच्या १२, १३ आणि १४ या पिढ्या चालतात. कोअर अल्ट्रा २०० साठी एलजीए १८५१ हा वेगळा सॉकेट लागतो. एएमडीचा एएम५ सॉकेट २०२२ मध्ये आला, तो केवळ डीडीआर५ रॅम घेतो आणि किमान २०२७ पर्यंत त्याला आधार देण्याचे कंपनीने जाहीर केले आहे. एलजीए १७०० चे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत येतात. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, म्हणून खोक्यावरचे पूर्ण नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

१३ किंवा १४ पिढीचा ‘के’ प्रोसेसर जुना घेताना विशेष सावध राहावे. वाढीव व्होल्टेजमुळे या पिढ्यांतील अनेक प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केले, ऑगस्टपासून बायोसमार्फत दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. या दुरुस्तीने पुढील हानी रोखली जाते, परंतु आधीच झालेली हानी भरून निघत नाही. पहिल्या मालकाने बायोस कधी अद्ययावत केले होते, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो.

डिस्प्ले येत नसेल तर

पंखे फिरतात पण पडदा काळाच राहतो, अशा वेळी भाग बदलायला धावू नये. एचडीएमआय केबल बोर्डाऐवजी ग्राफिक्स कार्डाला लावली आहे का, हे आधी पाहावे. त्यानंतर सॉकेटच्या वरच्या कोपऱ्यातील प्रोसेसरची ८ पिनची वीजजोडणी तपासावी. २४ पिनची मोठी जोडणी लावल्यावर हीच विसरली जाते. एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो, त्याला काही मिनिटे लागतात आणि तोवर बोर्डावरचा डीरॅमचा (रॅमची स्थिती दाखवणारा) दिवा पेटलेला असतो. याच वेळी घाबरून वीज बंद केली, तर तीच प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दोन रॅम असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात. चार डीडीआर५ रॅम लावण्याचा मोह टाळावा, कारण रायझन ७००० मालिकेचा अधिकृत वेग दोन रॅमसह ५२०० एमटी/सेकंद असतो, तर चारसह तो ३६०० वर येतो. सर्व सुरळीत सुरू झाल्यावर बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करणे राहून जाते आणि ६००० ची रॅम महिनोन्‌महिने ४८०० वर चालत राहते.

हे सर्व पाहूनही उपयोग झाला नाही, तर बायोस जुने असण्याची शक्यता असते. एएमडीसाठीचा बी४५० बोर्ड दुकानात बराच काळ पडून असेल, तर तो रायझन ५००० ओळखत नाही. बायोस फ्लॅशबॅकची सोय असलेल्या बोर्डावर प्रोसेसरविना, केवळ पेन ड्राइव्हने अद्ययावत आवृत्ती टाकता येते. ही सोय नसेल, तर बिल करण्याआधी दुकानातच बायोस अद्ययावत करून मागावे.

जीएसटीच्या बिलावर बोर्डाचा आणि प्रोसेसरचा सिरियल नंबर लिहून घ्यावा. एलजीए सॉकेटमध्ये पिन बोर्डावर असतात आणि वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही, म्हणून दुकान सोडण्यापूर्वी मोबाइलच्या उजेडात सॉकेटचा स्पष्ट फोटो काढावा आणि त्यावरचे प्लास्टिकचे झाकण खोक्यात जपून ठेवावे. बोर्ड सर्व्हिस सेंटरला द्यायची वेळ आली, तर तेथे ते झाकण बसवूनच बोर्ड स्वीकारला जातो.