धंद्याचे ईमेल कोर्टात टिकतील असे कसे जपावेत

वाद कोर्टात जाणार असं दिसताच डिलीट करणं बंद करा. जीमेलच्या ट्रॅशमधला मेल ३० दिवसांनी कायमचा जातो. गूगल वर्कस्पेसमधून काढून टाकलेलं खातं परत आणायला २० दिवसच मिळतात. म्हणून नोकरी सोडून गेलेल्याचा पासवर्ड बदला, खातं ठेवा. गूगलची मेल जपून ठेवणारी व्हॉल्ट सेवा असेल तर होल्ड लावा, म्हणजे कुणी डिलीट केलं तरी मेल तिथे राहतो.

मग दोन्हीकडचे पत्ते, तारखा आणि पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर टाकून मेल शोधा.

'वकिलांना फॉरवर्ड करून टाका' हा सल्ला अजिबात ऐकू नका. फॉरवर्ड केलात की तो नवा मेल होतो आणि मूळ मेल कुठल्या सर्व्हरवरून किती वाजता आला ते सांगणारं हेडर मागेच राहतं. जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांवर जाऊन 'डाउनलोड मेसेज' करा. मिळते ती ईएमएल फाइल, म्हणजे हेडरसकट अख्खा मेल, जपा.

सगळ्यात जास्त घात हॅशमध्ये होतो. हॅश म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून संगणकाने काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या त्याच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचा हॅश लिहावा लागतो. फाइलमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी अख्खा हॅश बदलतो.

एका वसुलीच्या दाव्यात मी आउटलुकमधून पीएसटी (सगळे मेल एकत्र असलेली फाइल) काढली, हॅश लिहिला आणि 'सगळं नीट आलंय ना' म्हणून तीच फाइल आउटलुकमध्ये उघडली. एकाही मेलला हात लावला नव्हता. पण आउटलुक फाइल जोडतानाच तिच्यात स्वतःच्या नोंदी करतं. तज्ज्ञांनी काढलेला हॅश जुळेना, आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: फाइल काढायची, त्याच मिनिटाला विंडोजच्या सर्टयुटिल कमांडने एसएचए-२५६ या पद्धतीचा हॅश घ्यायचा, दोन प्रती करायच्या, मूळ फाइल पाकिटात सील करायची. उघडायची ती फक्त प्रत. कुणी, कधी, कुठल्या संगणकावर काढली हे वहीत लिहायचं.

प्रमाणपत्राशिवाय चालतं असं कुणी सांगितलं तर जालना विधानसभेचा खटला दाखवा. खोतकर विरुद्ध गोरंट्याल प्रकरणात १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खाली स्पष्ट केलं, की मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. ज्याच्याकडे यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल तर कोर्टाकडे अर्ज करा.

भाग अ वर मालकाने डोळे झाकून सही ठोकू नये. उलटतपासणीत हॅश कुणी काढला हे त्यालाच विचारणार.