सोलापूरहून ‘कुरसुरा’ पाहायला: पाणबुडीच्या पोटात फोटो कसे काढावेत

सोलापुरातून विशाखापट्टणमची पाणबुडी पाहायला निघणाऱ्यांचा पहिला घोटाळा कॅमेऱ्याचा नसतो, वाराचा असतो. शनिवारी रात्री दुकान वाढवून कोणार्क एक्स्प्रेस धरायची, रविवारी संध्याकाळच्या सुमारास उतरायचं आणि सोमवारी रामकृष्ण बीच गाठायचा, हा बेत कागदावर छान दिसतो. पण आयएनएस कुरसुराचं संग्रहालय सोमवारी बंद असतं. म्हणून सोमवारी किंवा मंगळवारी रात्री निघा. मधल्या वारी संग्रहालय साधारण दुपारी २ नंतर उघडतं, सकाळची वेळ रविवारीच असते. वेळा बदलू शकतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी खात्री करून घ्या. आणि हातात दोन दिवस ठेवा.

दोन दिवस कशासाठी, ते बोटीची अंगलट कळली की समजेल. कुरसुरा ही सोव्हिएत बनावटीची, नाटोच्या भाषेत ‘फॉक्सट्रॉट’ वर्गातली डिझेल-विजेवर चालणारी पाणबुडी. १८ डिसेंबर १९६९ रोजी ती भारतीय नौदलात आली, १९७१च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती आणि २७ फेब्रुवारी २००१ रोजी निवृत्त झाली. मग तिला ओढत किनाऱ्यावर आणून काँक्रीटच्या पायावर बसवलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. लांबी ९१.३ मीटर, म्हणजे रेल्वेचे जवळजवळ चार डबे. बाहेरून रुंदी साडेसात मीटर, पण आत दोन्ही अंगांना यंत्रं, नळ्या आणि बिछाने असल्यामुळे चालायला उरते ती एक बोळ. एका टोकाकडून आत, दुसऱ्या टोकाकडून बाहेर. मागे वळता येत नाही, कारण मागे रांग असते.

म्हणून पहिली फेरी कॅमेरा पिशवीतच ठेवून करा. बरोबर चालणारे निवृत्त नौसैनिक जे सांगतात ते नीट ऐका, कुठे दिवा आहे, कुठे काच आहे, कुठे थांबायला हातभर जागा आहे ते टिपून घ्या. फोटोसाठी दुसऱ्या दिवशी नवीन तिकीट काढा. कॅमेऱ्याचं वेगळं शुल्क आणि ट्रायपॉडची परवानगी खिडकीवरच विचारा, आत जाऊन वाद घालण्यात अर्थ नाही. परवानगी असली तरी त्या बोळात ट्रायपॉड उघडू नका, मागच्याचा पाय त्यात अडकणारच.

सरावासाठी वेगळी जागा शोधायला नको. स्लीपरच्या डब्यातली मधली वाट, रात्रीचे दिवे, हलणारी जमीन, दोन्हीकडे बर्थ: यापेक्षा चांगली तालीम कुठे मिळणार? झोपलेल्या माणसांना मात्र फोटोच्या चौकटीबाहेर ठेवा. डबा हलत असताना शटर (प्रकाश आत यायचा वेळ) १/३० सेकंदावर ठेवून कोपरं छातीशी दाबून स्थिर फोटो निघाला, तर पाणबुडीत हमखास निघेल. शेंगाचटणी-कडक भाकरी खाऊन झाल्यावर मोबाइलच्या लेन्सला बोट लावू नका. तेलाचा पातळ थर बसला की प्रत्येक दिव्याभोवती रेघा आणि धुरकट वलय येतं, आणि अंधाऱ्या बोटीत सगळीकडे दिवेच चौकटीत असतात.

लेन्स रुंद हवी. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चकती, ३६ मिलिमीटर रुंद असते) १६ ते ३५ मिलिमीटर, लहान सेन्सरवर १० ते १८. त्याच्यापलीकडची लांब लेन्स घरीच ठेवा. मोबाइलवाल्यांना ०.५ची (सगळ्यात रुंद) लेन्स भुरळ घालते, पण तिचा सेन्सर बहुधा लहान असतो आणि अंधारात चित्र दाणेदार होतं. शक्य तिथे मुख्य लेन्सच वापरा, अगदीच जागा नसेल तेव्हा ०.५.

आता सेटिंग. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/४, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ते ३२००, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). शटर मात्र डोळे झाकून निवडू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१६० किंवा १/२५० वर फोटोत काळे-पिवळे आडवे पट्टे येतात आणि कॅमेरा बिघडला असं वाटतं. १/५० किंवा १/१०० वर पट्टे जातात, कारण शटर उघडं असेपर्यंत लुकलुकण्याची पूर्ण आवर्तनं आत येतात. व्हिडिओसाठी मेनूमध्ये ५० हर्ट्झची ‘अँटी-फ्लिकर’ सोय असते, ती चालू करा.

दुसरी अडचण प्रकाश मोजण्याची. चौकटीत एक उघडा दिवा आला की कॅमेरा त्याच्याकडे बघून बाकी सगळं काळं करतो. दिवा एखाद्या नळीआड जाईल इतकं अर्धं पाऊल सरका. तेवढ्याने भागलं नाही तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन फोटो घ्या आणि घरी जुळवा. फ्लॅश बंदच ठेवा. चकचकीत रंग, पितळी चाकं आणि मापकांच्या काचा त्याचा प्रकाश थेट परत फेकतात, आणि अरुंद जागेत समोरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो तो वेगळाच.

मापकांच्या काचेवरचं प्रतिबिंब घालवायला रबरी लेन्स-हूड (लेन्सपुढे बसणारी कड) काचेला अलगद टेकवा. पोलरायझरही (चमक कमी करणारा फिल्टर) चालतो, पण तो दीड ते दोन स्टॉप प्रकाश खातो आणि नुसत्या धातूवरची चमक काढत नाही.

बोटीचे सात कप्पे आहेत. नाकाकडच्या पहिल्या कप्प्यात पाणतीर (टॉर्पेडो) सोडायच्या सहा नळ्या, शेपटीकडच्या सातव्यात चार, सगळ्या ५३३ मिलिमीटर व्यासाच्या. दुसरा कप्पा अधिकाऱ्यांचा, तिसरं नियंत्रण कक्ष, चौथ्यात राहण्याची जागा आणि स्वयंपाकघर. दुसऱ्या आणि चौथ्याच्या खाली बॅटऱ्यांची कोठारं. पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, सहाव्यात विजेच्या मोटारी. हा क्रम पाठ असला की पुढच्या कप्प्यात काय येणार हे कळतं आणि तयारीत राहता येतं. वेळ पुरवून वापरायची असेल तर तिसऱ्या आणि पाचव्यासाठी राखून ठेवा. तिसऱ्यात चाकं, झडपा आणि मापकं इतकी दाट आहेत की सगळं टिपायला गेलं तर काहीच दिसत नाही. एक झडपेचं चाक लेन्सपासून फूटभर अंतरावर घ्या, त्यावर फोकस करा, बाकीची गर्दी मागे धूसर राहू द्या. पाचव्यात उलट: मधल्या वाटेच्या अगदी मध्यावर, कमरेच्या उंचीवर कॅमेरा सरळ धरा. तो वर-खाली कलला की दोन्हीकडची इंजिनं आत किंवा बाहेर झुकलेली दिसतात.

सगळ्यांना हवा असलेला फोटो म्हणजे गोल दारातून दिसणारं पुढचं दार. तो बिघडतो तो बहुधा माणूस दाराला चिकटून उभा राहिल्यामुळे. दीड मीटर मागे व्हा, लेन्स वर्तुळाच्या केंद्राच्या उंचीवर आणा (त्यासाठी गुडघे वाकवावेच लागतात), छिद्र एफ/५.६ करा आणि फोकस पलीकडच्या कप्प्यावर ठेवा. चौकटीत माणसं नकोत तर आपल्या गटाच्या शेवटी रहा. पुढचे पलीकडे गेले आणि मागचा गट यायचा आहे, एवढ्याच फटीत हा फोटो होतो.

त्या दारातून जाताना आधी एक पाय, मग डोकं खाली घालून धड, मग दुसरा पाय. कॅमेरा गळ्यात लोंबकळू देऊ नका, हाताने छातीशी धरा. पाठीवरची सॅक नको, ती झडपांना अडकते. चपलेऐवजी पकड असलेले बूट घाला. गुडघेदुखी असलेल्या आई-आजोबांना वाकायला लावण्यापेक्षा आधी रस्त्यापलीकडचं टीयू-१४२ विमान दाखवा. पाणबुड्या हुडकणारं हे विमान डिसेंबर २०१७ पासून तिथे संग्रहालय म्हणून उभं आहे. शिकार आणि शिकारी समोरासमोर, ही गंमत मुलांना लगेच कळते.

बाहेरून अख्खी बोट एका चौकटीत हवी असेल तर साधा हिशेब: लांबी गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले ३६ (फुल फ्रेम सेन्सरची रुंदी). २४ मिलिमीटरला सुमारे ६१ मीटर मागे जावं लागतं. तेवढी मोकळी जागा मिळत नाही आणि मध्ये तारा, झाडं, गाड्या येतात. त्यापेक्षा नाकाच्या बाजूने तिरकं उभं राहा, बोट आपोआप लांब वाटते. समुद्र पूर्वेकडे असल्यामुळे सकाळी रस्त्यावरून ती काळी सावली दिसते, दुपारनंतर उजळते. मात्र सोलापूरच्या घड्याळावर विसंबू नका. सोलापूर ७६ अंश पूर्व रेखांशाजवळ, विशाखापट्टणम ८३ अंशांच्या पुढे, आणि प्रत्येक अंशाला ४ मिनिटं. तिथे सूर्य जवळजवळ अर्धा तास आधी बुडतो, डिसेंबरात तर साडेपाचच्या आतच. सूर्यास्तानंतरची २० मिनिटं आकाश निळं आणि दिवे पिवळे असतात, बाहेरचा फोटो तेव्हाचा. ड्रोन नेऊच नका. हे पूर्व नौदल कमांडचं मुख्यालय असलेलं शहर आहे, आणि गोदीकडे कॅमेरा रोखणंही टाळा.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत न दिसणारा त्रास तिथे दिसतो. एसी खोलीतून किनाऱ्यावर आलं की लेन्सवर दव धरतं. निघताना कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर अर्ध्या तासाने पिशवी उघडा, म्हणजे दव पिशवीवर बसतं. खारे तुषार लेन्सच्या काचेवर बसले तर कोरड्या फडक्याने घासू नका, त्यात वाळूचे कण असतात. आधी हवेच्या फुग्याने उडवा, मग किंचित ओल्या कापडाने टिपा, शेवटी लेन्सचं द्रावण. परतीच्या गाडीत बसण्याआधी पिशवी उलटी करून झाडा, नाहीतर आठवडाभराने झूमची कडी फिरवताना वाळू कचकचते.