महागडं डायव्ह घड्याळ ऑनलाइन घेताय? फोटोत न दिसणाऱ्या या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला मी पाण्यात उतरलो होतो. स्नॉर्केलिंगच होतं, जेमतेम दोन पुरुष पाणी. मनगटावर निळ्या लाटांच्या डायलचं जुनं ओमेगा सीमास्टर, चार महिन्यांपूर्वी ऑनलाइन घेतलेलं. विकणाऱ्याने लिहिलं होतं, ‘३०० मीटर, कंडिशन ए-वन’. किनाऱ्यावर येऊन जेवायला बसलो तर काचेला आतून वाफ धरलेली. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचेपर्यंत सहाच्या खुणेपाशी बारीक थेंब दिसायला लागले. आमच्या घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं आणि आतली, पाणी अडवणारी रबरी गॅस्केट चिमट्यात धरून माझ्यासमोर धरली. चपटी, कडक, एका जागी चिरलेली. मशीनच्या दोन स्क्रूंवर गंज चढायला सुरुवात झाली होती.

जाहिरातीत चौदा फोटो होते आणि ते सगळे खरे होते. चूक माझी होती. डायव्ह घड्याळाचा मुख्य गुण म्हणजे पाणी आत न शिरणं, आणि तो कुठल्याच फोटोत येत नाही. पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

डायलवरच्या मीटरवर विसंबणं

आयएसओ ६४२५ हे डायव्ह घड्याळांचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात बसायचं तर घड्याळ किमान १०० मीटरचं असावं लागतं आणि प्रत्येक नग लिहिलेल्या दाबाच्या सव्वापट दाबाखाली तपासावा लागतो. म्हणजे ३०० मीटरच्या घड्याळाने ३७५ मीटरचा दाब सोसून दाखवायचा. मानक कडक आहे. पण ही तपासणी नव्या गॅस्केटवर होते. डायलवरचा आकडा आयुष्यभर तसाच राहतो, रबर मात्र घाम, साबण, ऊन आणि गरम पाण्याच्या अंघोळीने म्हातारं होत जातं. पंधरा वर्षं न उघडलेलं ३०० मीटरचं घड्याळ हात धुतानाही पाणी घेऊ शकतं.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: शेवटची प्रेशर टेस्ट कधी झाली आणि तिचा रिपोर्ट आहे का? ‘मी रोज पोहतो यात’ हे उत्तर नाही. हवेच्या दाबावर चालणाऱ्या मशीनमध्ये ही टेस्ट काही मिनिटांत होते, घड्याळाला पाण्याचा थेंबही लागत नाही. लाखाच्या वर किंमत सांगणारा माणूस एवढं करायला तयार नसेल तर मी तिथेच थांबतो.

दुसरी मागणी व्हिडिओची. क्राऊन (बाजूची चावी द्यायची गुंडी) पूर्ण फिरवून मोकळा करा, चावी द्या, काटे फिरवा, परत दाबून आट्यांवर घट्ट बसवा, हे सगळं एका सलग व्हिडिओत मागा. क्राऊनचे आटे झिजलेले असले की तो वरवर बसतो आणि पाणी तिथूनच शिरतं. बेझलही (डायलभोवतीची फिरणारी कडी) आवाजासकट फिरवून दाखवायला सांगा. तो घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनेच फिरायला हवा. पाण्यात चुकून धक्का लागला तर उरलेला वेळ कमी दिसावा, जास्त दिसू नये, यासाठी ती रचना असते. आजच्या घड्याळात दोन्ही बाजूंना फिरणारा किंवा सैल हलणारा बेझल म्हणजे आतली स्प्रिंग गेलेली आहे, किंवा घड्याळाचं मूळच संशयास्पद आहे.

जाता जाता हेही सांगतो की जास्त मीटर म्हणजे जास्त चांगलं घड्याळ, असं नाही. हौशी डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर धरली जाते, आणि सुरुवातीच्या कोर्सनंतर १८ मीटर. घड्याळात शिरलेला हेलियम वायू बाहेर सोडणारा हेलियम व्हॉल्व्ह तर दिवसचे दिवस दाबाखालच्या खोलीत राहून काम करणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांसाठी असतो. तो हवा म्हणून ५० हजार जास्त मोजू नका.

‘काटा सरकत चालतो, म्हणजे अस्सल’

हा समज इतका पक्का बसला आहे की फर्स्ट कॉपी विकणारे त्याचाच व्हिडिओ पाठवतात. सेकंदकाटा टकटक न करता सरकतो याचा अर्थ एवढाच, की आत बॅटरीचं साधं क्वार्ट्झ मशीन नाही. हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणाऱ्या स्वस्त ऑटोमॅटिक मशीनमध्येही काटा सरकतोच. फरक ठोक्यांचा असतो. रोलेक्सच्या आजच्या सबमरीनर या डायव्ह घड्याळाचं मशीन सेकंदाला ८ ठोके देतं, ओमेगाचं ८८०० नावाचं मशीन सात, आणि नकली घड्याळांत सर्रास सापडणारं जपानी पद्धतीचं स्वस्त मशीन सहा. फोनवर स्लो मोशनमध्ये एका सेकंदाच्या उड्या मोजता येतात. पण चांगल्या नकलेत आता आठ ठोक्यांची मशीनही येतात, तेव्हा उड्या कमी भरल्या तर घड्याळ नकली ठरतं, बरोबर भरल्या तरी अस्सल ठरत नाही.

काही खुणा मात्र अजून उपयोगी पडतात. रोलेक्सने सबमरीनरला मागून काच कधीच दिलेली नाही. प्लॅटिनम डेटोना आणि १९०८ या मॉडेलांना आता आहे, सबमरीनरला नाही. त्यामुळे ‘मागून मशीन दिसणारं सबमरीनर’ असा फोटो दिसला की पुढचं वाचायची गरजच नाही. उलट २०१८ पासूनच्या बहुतेक सीमास्टर ३०० एमला मागे काच असते आणि सिरॅमिक डायलवरच्या लाटा लेझरने कोरलेल्या असतात, छापलेल्या नाहीत. तिरक्या प्रकाशातला फोटो मागितला की हे कळतं.

आणखी एक. रोलेक्स नवी घड्याळं ऑनलाइन विकत नाही, ती अधिकृत दुकानातूनच मिळतात. २०२२ च्या डिसेंबरात त्यांनी तपासलेल्या जुन्या घड्याळांची स्वतःची योजना आणली, तीही अधिकृत विक्रेत्यांमार्फतच. मग ‘नवं कोरं सबमरीनर, ३० टक्के सूट’ ही जाहिरात कुठून आली, याचा विचार करा.

हल्लीच्या नकला पाहून मी एका निष्कर्षाला आलो आहे: फोटोवरून अस्सलपणाची खात्री देणं माझ्यासारख्या हौशी माणसाच्या आवाक्यात राहिलेलं नाही. मशीनवरची अक्षरंसुद्धा हुबेहूब कोरलेली असतात. व्यवहार ठरवतानाच लेखी घ्या, की घड्याळ हाती आल्यावर ठरावीक दिवसांत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा जाणत्या घड्याळजींना उघडून दाखवीन, आणि काही खोटं निघालं तर पूर्ण पैसे परत. खरा विक्रेता याला नाही म्हणत नाही.

बॉक्स, कार्ड आणि चकाकी

बॉक्स आणि वॉरंटी कार्ड आहे म्हणजे झालं, असं वाटतं. पण बॉक्स आणि कार्ड वेगळे विकत मिळतात, नकलीही मिळतात. कार्डावरचा आणि घड्याळावरचा सिरियल नंबर एकाच फोटोत मागा. तारीख पाहा. रोलेक्स आणि ओमेगा आज ५ वर्षांची वॉरंटी देतात, पण ती अधिकृत दुकानात विकल्याच्या दिवसापासून मोजली जाते, तुम्ही घेतलं त्या दिवसापासून नाही. ग्रे मार्केटच्या, म्हणजे अधिकृत नसलेल्या विक्रेत्यांच्या, ‘नव्या’ घड्याळाची दोन वर्षं अशीच आधी सरलेली असू शकतात. आणि ‘आमची वॉरंटी’ म्हणजे कंपनीची नव्हे, त्या दुकानाची. दुकान बंद झालं की वॉरंटीही गेली.

चकाकीचा मोह सगळ्यात वाईट. जुनं घड्याळ नव्यासारखं चमकत असेल तर ते बहुधा पॉलिश केलेलं आहे. प्रत्येक पॉलिशला केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या कवचाच्या) धारदार कडा थोड्या झिजतात, आणि गेलेलं स्टील परत येत नाही. ओरखडे असलेलं, पण कडा शाबूत असलेलं घड्याळ मी कधीही पसंत करेन.

विंटेज घेत असाल तर डायलच्या अंधारातल्या चमकेवर खास लक्ष ठेवा. १९९० च्या दशकापर्यंत अंधारात चमकण्यासाठी ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य वापरत. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षांचं, म्हणजे १९८० च्या घड्याळाची चमक आज जवळपास संपलेली असायला हवी. तसं घड्याळ काजव्यासारखं उजळत असेल तर डायल किंवा काटे बदलले आहेत, नाहीतर नवा रंग भरला आहे. आपल्या मुंबईचं नाव यात जगभर झालं आहे, हे लिहिताना वाईट वाटतं. भडक रंगात नव्याने रंगवलेल्या डायलींच्या जुन्या घड्याळांना परदेशी संग्राहक सरळ ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. फाव्र-ल्यूबा हे स्विस घड्याळ भारतात पिढ्यान्पिढ्या विकलं गेलं आणि खोली दाखवणाऱ्या ‘बॅथी’सारखी सुंदर डायव्ह घड्याळंही त्यांनी काढली. त्या नावाच्या जुन्या घड्याळाला हात घालण्याआधी मूळ डायलींचे फोटो शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा.

परदेशातून मागवताना पैशांचा हिशेब

किमतीपुढे डॉलर किंवा युरो दिसला की लोक फक्त रुपयांत गुणाकार करतात. भारतात घड्याळ आलं की कस्टम ड्युटी, तिच्यावरचा अधिभार, आणि घड्याळ, भाडं, विमा, ड्युटी या सगळ्यांच्या बेरजेवर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), असं एकावर एक चढत जातं. दर अर्थसंकल्पागणिक हलतात, तेव्हा पार्सल निघण्याआधी त्या आठवड्याचा दर पाहा. स्वित्झर्लंडसह चार देशांशी झालेला एफ्टा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आणि स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. पण ‘आता ड्युटी माफ’ असा त्याचा अर्थ नाही. सवलतीसाठी मूळ देशाचा पुरावा लागतो, आणि दुसऱ्या देशातल्या एखाद्या माणसाकडून आलेल्या सेकंडहँड घड्याळाला तो मिळणं कठीण.

विक्रेता ‘किंमत कमी लिहितो, गिफ्ट म्हणून पाठवतो’ म्हणाला तर नको म्हणा. तो कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय पार्सल हरवलं तर विमा त्या कमी किमतीचाच मिळेल.

भारतातल्या भारतात घेतानाही दोन गोष्टी ध्यानात असू द्या. १० लाखांच्या वरच्या घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता किमतीवर एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच गोळा होणारा आयकर) घेतो. रिटर्न भरताना तो वळता करून घेता येतो, तेव्हा बिलावर आपला पॅन नंबर बरोबर पडलाय ना, बघा. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं विकणाऱ्याला कायद्याने मना आहे. ‘कॅश द्या, स्वस्तात देतो’ म्हणणाऱ्याकडून पुढे बिलही मिळत नाही आणि तक्रारीला जागाही राहत नाही.

क्रोनो२४ सारख्या घड्याळांच्या ऑनलाइन बाजारात पैसे मध्यस्थाच्या खात्यात थांबतात, घड्याळ पोहोचल्यावर विक्रेत्याला मिळतात. तिथे ओळख करून ‘बाहेर व्यवहार करू, कमिशन वाचेल’ म्हणणाऱ्याला उत्तरही देऊ नका. वाचणारं कमिशन म्हणजेच तुमचं संरक्षण असतं.

मापाचं थोडक्यात: ४२ मिमी हा फक्त व्यास. मनगटावर बसणार की नाही हे वरच्या शिंगापासून (पट्टा जोडायच्या टोकापासून) खालच्या शिंगापर्यंतची लांबी ठरवते. तेवढ्या लांबीची पुठ्ठ्याची पट्टी कापून मनगटावर ठेवा, कडेला बाहेर डोकावली तर घड्याळ मोठं आहे. ट्यूडर ब्लॅक बे ५८ हे ३९ मिमीचं आणि १२ मिमीहून थोडं कमी जाड, शर्टाच्या बाहीखाली सहज जातं. स्टीलच्या चेनच्या किती कड्या शिल्लक आहेत तेही विचारा. काढलेल्या कड्या हरवल्या असतील तर नव्या महागात पडतात.

घड्याळ हाती आल्यावर

पार्सलचं सील दिसेल अशा ठिकाणापासून घड्याळ बाहेर निघेपर्यंत एक सलग व्हिडिओ काढा. मग लगेच घाबरू नका, कारण पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच तक्रारी घड्याळाच्या दोषाच्या नसतात.

रात्री काढून ठेवलं आणि सकाळी बंद? पार्सलमधून आलेलं ऑटोमॅटिक रिकामं असतं. क्राऊन मोकळा करून ३०-४० फेरे चावी द्या आणि मग मोजा. आताचं सबमरीनर सुमारे ७० तास, ओमेगाचं ८८०० मशीन ५५ तास चालतं. पूर्ण चावी देऊनही त्याच्या खूप आधी थांबत असेल तर ते सर्व्हिसिंगला आलं आहे.

दिवसाला दोन-चार सेकंद पुढे जाणं हा दोष नव्हे. क्रोनोमीटरच्या, म्हणजे अचूक वेळेच्या, प्रमाणपत्रातही रोज ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे इतकी सूट असते. मात्र दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुढे धावलं तर बहुधा चुंबक लागलंय: स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, पर्सचं बटण. फोनमधल्या होकायंत्राजवळ घड्याळ फिरवा, सुई जोरात वळली तर घड्याळजींकडे न्या. चुंबक काढणं हे मिनिटाभराचं काम आहे. कंपनीला परत पाठवायची घाई करू नका.

तारीख दुपारी बारा वाजता बदलत असेल तर काटे बारा तास पुढे फिरवा, एवढंच. रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख हाताने बदलू नका, त्या वेळी दाते अडकलेले असतात.

बेझल जड फिरत असेल तर आधी खाली साठलेलं मीठ आणि रेती धुवा: क्राऊन घट्ट, नळाचं कोमट पाणी, मऊ ब्रश. बहुतेक वेळा तेवढ्याने सुटतो.

आणि काचेच्या आत वाफ दिसली तर तांदळाच्या डब्यात घालू नका. क्राऊन ओढून ‘हवा खेळू देऊ’ असंही करू नका. खारं पाणी आत गेलं असेल तर तासांचा हिशेब असतो, म्हणून त्याच दिवशी झाकण उघडून घ्या. मी एक दिवस उशीर केला आणि मशीनचे दोन भाग बदलावे लागले. आता पावसाळा सरला की घड्याळजींकडे प्रेशर टेस्ट होते, नव्या गॅस्केटची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिली जाते, आणि मगच मालवणची तिकिटं काढतो.