मुलगा शेती करतो? मग स्थळ असं बघा

बार्शीच्या आसपासच्या गावांत मी अठरा वर्षं स्थळं जुळवतेय. पैसे घेत नाही, जमलं तर लग्नात एक साडी. हल्ली येणारे आईबाप खुर्चीवर टेकायच्या आत सांगतात, "काकू, मुलगा निर्व्यसनी आहे हो, पण शेती करतो."

२०२२ च्या डिसेंबरात बायको मिळवून द्या म्हणून सोलापुरात पोरं नवरदेव होऊन, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर गेली. लोक हसले. मला नाही हसू आलं. जवळच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. ती पोरं आत्ता कुठं लग्नाच्या वयाला यायला लागलीत.

तर आधी सातबारा काढा. 'बारा एकर बागायत' म्हणून सांगता, कागदावर ती आजोबांच्या नावावर आणि खाणारे तीन भाऊ. मुलाच्या वाट्याला किती येईल, गावच्या शेती सोसायटीचं कर्ज किती, विहिरीला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत, हे बायोडाट्यातच लिहा. मुलीचा मामा पारावर बसून सगळं काढतोच. माझं एक जमलेलं स्थळ सुपारी फुटल्यावर मोडलं. कर्ज दोन लाखांचं, मुलीकडच्यांनी मान्यही केलं असतं; पण ते कळलं बाहेरून.

मग न्हाणीघर बघा. तुमचंच. घर बघायला आलेली मुलीची आई चहा संपवून सरळ मागच्या दारी जाते. दाराला आतून कडी आहे का, संडासात पाणी येतं का, की पत्र्याचा आडोसा आणि बादली? पहाटे धारा कोण काढणार, खुरपायला जावं लागेल का, हेही मुली आता तोंडावर विचारतात. एका बी.कॉम. झालेल्या मुलीनं विचारलं, "मी बार्शीला नोकरी केली तर चालेल?" मुलानं बापाकडं बघितलं. उठलीच ती मंडळी. म्हणून असल्या प्रश्नांचं उत्तर मुलानं स्वतः द्यायचं, आणि ते घरात आधी बोलून ठेवायचं.

पोटजात, नाडी, मंगळ यांतलं काय सोडणार तेही आधीच ठरवा. मुलगा तिशी ओलांडल्यावर सोडलेलं मोठेपण कामाला येत नाही. घटस्फोटित मुलीचं स्थळ आलं तर निदान भेटून तरी या.

परजिल्ह्यातली मुलगी दाखवून दोन लाख मागणारा, आठ दिवसांत लग्न उरका म्हणणारा एजंट आला तर मुलीच्या गावी स्वतः जा, शाळेचा दाखला बघा. लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत करा.

आता लग्न टिकण्याचं. पहिल्याच वर्षात माहेरी आलेल्या मुलींशी मी बोलते. बांगड्या भरायलाही सासूकडं हात पसरावा लागतो, हे गाऱ्हाणं फार ऐकते. डेअरीतून दुधाचे पैसे येतात, त्यातला एक पगार सुनेच्या खात्यावर जाऊ द्या. आणि लक्ष्मी मुक्ती योजना विचारा. १९९२ पासून आहे. नवऱ्यानं तलाठ्याकडं अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव लागतं. तुमच्या घरात सासूचंच नाव अजून लागलेलं नसेल, तर अर्ज दोन करा, पहिला तिचा.