टिकटिक नेमकी कुठून येतेय?
गाडी उभी ठेवून न्यूट्रलमध्ये रेस द्या. आवाज फक्त चालत्या गाडीतच येत असेल, तर टायरच्या खाचेत अडकलेला खडा शोधा. हसू नका, असं होतं! रेसबरोबर टिकटिक वाढली, तर इंजिन बंद करून, सपाट जागी, डिपस्टिकने ऑइल बघा. ते कमी पडलं की टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह उघडणारे छोटे भाग, वाजतात. ऑइल ठीक असेल तर इंजिन पुन्हा सुरू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्ह कव्हरवर (इंजिनच्या वरच्या झाकणावर) टेकवा, त्याची मूठ कानाला लावून ऐका. पट्टा आणि पंख्यापासून हात, बाह्या लांब. इंजिन तापल्यावर थांबणारी टिकटिक अनेकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या) गळतीची असते. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरची हलकी, एकसारखी टिकटिक मात्र नेहमीचीच. ऑइलचा लाल दिवा लागला तर ऐकत बसू नका, इंजिन लगेच बंद.