फुलाच्या आकाराची जुनी चिनी लॅकरची भांडी: या चुका टाळा

लॅकरची, म्हणजे झाडाच्या चिकाचा लेप चढवलेली, जुनी थाळी हाती आली की लोक आधी तिची चकाकी बघतात आणि फिकी वाटली की ती वाढवायला लागतात. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. या भांड्यांचा जीव चकाकीत नाही, आकारात आहे.

सोंग घराण्याच्या काळातल्या (९६०–१२७९) कित्येक थाळ्यांवर नक्षीच नसते. काळा, तपकिरी किंवा लाल असा एकच रंग आणि पाकळ्यांसारखा कापलेला काठ. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकीवर एक रचून सांगाडा करत, त्यावर कापड बसवत आणि मग लॅकरचे पातळ थर चढवत. प्रत्येक थर उबदार, दमट हवेत मुरल्याशिवाय पुढचा चढत नसे. एवढ्या कष्टाने आलेला तो काठ पाहूनच मला या कलेविषयी प्रेम वाटतं. काठाच्या खाचेपासून आत उतरणारी बारीक रेघ अनेकांना तडा वाटते. ती बहुधा पाकळीची कड असते, भरून काढायची नसते.

प्रत्येक फुलाला कमळ म्हणू नका. पाच गोल पाकळ्या असतील तर बहुधा प्लमचा बहर, अरुंद पाकळ्यांची दाट रांग असेल तर शेवंती. चिएनलुंग सम्राटाच्या काळातली (१७३६–१७९५) लाल शेवंतीची भांडी इतकी पातळ आहेत की हातात घ्यायचीही भीती वाटावी.

स्वच्छतेसाठी मऊ, कोरडा ब्रश पुरे. स्पिरिट, तेल, फर्निचरचं पॉलिश नको. सावंतवाडीच्या लाखकामातली लाख किड्यापासून मिळते. हे लॅकर झाडाच्या चिकाचं, त्यामुळे लाखेचे उपाय इथे लावू नका. वर्षानुवर्षं उजेड खाल्लेल्या लॅकरवर पाण्याचा ओला बोळाही डाग पाडतो. उजेडाने झालेली हानी परत भरून येत नाही, म्हणून खिडकीसमोर मांडू नका. संग्रहालयं अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) एवढाच मंद उजेड ठेवतात. हवा फार कोरडी झाली तर आतलं लाकूड आकसतं आणि लेप सुटतो, तेव्हा डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या भरून ठेवणं ही काळजी नव्हे.

घरी दुरुस्ती करायला कच्चं लॅकर मागवत असाल तर थांबा. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं. बिब्बा उततो तसाच हा चीकही उततो, हातमोज्यांशिवाय हात लावू नका.

खरेदी करताना भांड्यावरच्या खुणेवर, म्हणजे सम्राटाच्या किंवा कारागिराच्या कोरलेल्या नावावर, विसंबू नका. मिंग काळात योंगल सम्राटाची (१४०३–१४२४) खूण सुईने कोरलेली, बारीक असायची. श्वांदे सम्राटाची (१४२६–१४३५) ठळक, सोनं भरलेली. जुनी योंगलची खूण खरवडून श्वांदेची घातलेल्या वस्तूही आहेत. मिंगच्या आधीच्या युआन काळातल्या चांग छंग आणि यांग माओ या कारागिरांची नावं तर नंतर कितीतरी भांड्यांवर कोरली गेली. कोरीव लाल लॅकर भिंगाखाली पाहा: खऱ्या कामात सुरीचा काप धारदार दिसतो, साच्यात ओतलेल्या राळेच्या नकलेत कडा गोलसर असतात आणि कधी साच्याचा जोडही सापडतो.

भांडं काठाला धरून उचलू नका, दोन्ही हात तळाखाली घाला. पापुद्रा सुटला असेल तर दाबू नका, चिकटपट्टी तर मुळीच नको. पडलेला तुकडा कागदात गुंडाळा, कुठून निघाला ते वर लिहा आणि भांड्यासोबत संवर्धकाकडे (जुन्या वस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्या.