आउटर हेब्रिडीजला जायचंय? आधी बोट बघा, मग रविवार

स्कॉटलंडला गेलेली आपली बहुतेक मंडळी एडिनबरा, लॉख नेस आणि फार तर स्काय बेट करून परत येतात. स्कायच्या पलीकडे अटलांटिकच्या तोंडावर बेटांची एक लांबलचक ओळ आहे, तीच आउटर हेब्रिडीज: बॅरा, साउथ उइस्ट, बेनबेक्युला, नॉर्थ उइस्ट, हॅरिस, लुइस, तिकडे फारसं कुणी जात नाही. माझं ऐकाल तर स्कायचा एखादा दिवस कमी करा पण इकडे जाच. सगळी मिळून वस्ती साधारण 26,000, आणि स्कॉटलंडची जुनी गेलिक भाषा अजूनही दुकानात, शाळेत, चर्चमध्ये बोलली जाते असा भाग आता जगात फार उरलेला नाही.

प्लॅनिंग हॉटेलपासून सुरू करू नका, बोटीपासून करा. फेऱ्या कॅलमॅक कंपनीच्या आहेत, उन्हाळ्यात गाडीची जागा कित्येक आठवडे आधी भरते, नुसतं पायी चढायचं असेल तर सोपं जातं. बोटीची तारीख हातात आली की मगच राहायचं बुक करा, आणि गाडी भाड्याची असेल तर ती बोटीवरून बेटावर न्यायला चालते का हे आधी विचारून घ्या. जोराचा वारा सुटला की बोट रद्द होते, त्यामुळे परतीच्या बोटीच्या दुसऱ्याच दिवशी भारताचं विमान अजिबात ठेवू नका.

रूट मी तरी दक्षिणेकडून उत्तरेकडे असाच सांगेन. ग्लासगोहून ट्रेनने ओबन, तिथून जवळजवळ पाच तासांची बोट बॅराच्या कासलबेला, आणि बंदरात शिरताना समोर पाण्यातच उभा असलेला किसिमुल किल्ला दिसतो (जंजिरा पाहिलेल्या माणसाला हा बघून फार बरं वाटतं). ग्लासगोहून विमानानेही जाता येतं, बॅराचं विमान थेट किनाऱ्यावरच्या वाळूत उतरतं, म्हणून त्याचं टाइमटेबल भरती-ओहोटी बघून ठरतं. मग बॅराहून 40 मिनिटांची बोट एरिस्केला, तिथून पुढची सगळी बेटं समुद्रात भराव टाकून रस्त्याने जोडलेली आहेत, थेट बर्नरेपर्यंत गाडी चालवत जा, आणि बर्नरेहून तासाभराची बोट हॅरिसला. हॅरिस आणि लुइस ही नावं दोन पण जमीन एकच आहे. शेवटी लुइसच्या स्टोर्नोवे बंदरातून बोट पकडून मुख्य भूमीवरचं अलापूल. सायकलवाल्यांना तर हीच दिशा बरी कारण वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो आणि पाठीवर राहतो.

रस्ते बरेचसे एकाच गाडीपुरते रुंद, म्हणून समोरच्याला वाट द्यायला जागोजागी पासिंग प्लेस असते. ती डाव्या हाताला असेल तर आत घ्या, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्या बाजूलाच थांबा, मागच्यालाही पुढे जाऊ द्या आणि कुणी थांबलं तर हात दाखवा, तिथे सगळे दाखवतात. पाट्यांवर गेलिक नाव मोठं असतं, त्यामुळे स्टोर्नोवेचं स्पेलिंग वेगळंच दिसेल, गोंधळू नका.

आता रविवार. लुइस आणि हॅरिसमध्ये प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांपैकी एक पंथ) चर्चचा जोर आहे आणि रविवार खरोखर पाळला जातो, स्टोर्नोवेहून रविवारची बोटच मुळी 2009 ला सुरू झाली. बस नाही, बहुतेक दुकानं बंद, जेवायलाही मोजकीच ठिकाणं. शनिवारी पेट्रोल, ब्रेड, दूध, भाजी भरून ठेवा, शाकाहारी असाल तर जास्तच. त्या दिवशी चर्चमध्ये गेलिक स्तोत्रं ऐकायला बसता आलं तर जरूर बसा, एक जण ओळ धरतो आणि बाकीचे आपापल्या वळणाने मागून म्हणतात, वाद्य एकही नसतं. साउथ उइस्ट आणि बॅरा कॅथलिक आहेत, तिकडे रविवार इतका कडक नाही.

बघायचं काय तर हॅरिसचा लस्केंटायर किनारा, पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी, जून-जुलैत मागच्या माखर गवताळ जमिनीवर रानफुलं. ही माखर शिंपल्यांच्या वाळूने बनलेली आणि नाजूक असते, तिच्यावर गाडी घालू नका. लुइसला कॅलनिशचे उभे दगड, सुमारे 5,000 वर्षं जुने, तिथे सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उशिरा जा, जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड असतो. हॅरिस ट्वीड घ्यायचं तर गोल आणि क्रॉसचा ऑर्ब शिक्का बघूनच घ्या, 1993 च्या कायद्याप्रमाणे ते कापड बेटांवरच्या माणसाने स्वतःच्या घरी हातमागावर विणलेलं असावं लागतं. विणकर घरी असेल तर माग दाखवतातही, तेव्हा घाई करू नका, बसा, बोला, निघताना ‘ताप्पा लेव’ म्हणा, म्हणजे धन्यवाद. आणि हो, भारताचा पहिला सर्व्हेयर जनरल कॉलिन मॅकेन्झी स्टोर्नोवेचाच, त्याने जमवलेल्या हस्तलिखितांत मराठीही आहेत.

कपडे थरांचे घ्या, रेनकोट चांगला हवा, छत्री वाऱ्यात टिकत नाही. मिज नावाची बारीक चावरी माशी उन्हाळ्यात वारा पडला की येते, त्यासाठी क्रीम ठेवा.

सेंट किल्डा या बेटावर जायचं असेल तर हॅरिसहून दिवसाची बोट असते. 1930 मध्ये तिथले शेवटचे 36 रहिवासी बेट सोडून गेले, ती दगडी घरं अजून उभी आहेत. समुद्र खवळला तर ट्रिप रद्द होते आणि बोटवाले बरेचदा पुढचा दिवसही मोकळा ठेवायला सांगतात, म्हणून हे बुकिंग हॅरिसच्या मुक्कामाच्या सुरुवातीलाच टाका.